गावचं खोबरेल

कंडोम नीट कसा वापरायचा हे मी साठी उलटता उलटता शिकले, आणि तेही वाचायचा चष्मा लावून. हसू नका. पाकिटातल्या त्या घडीच्या कागदावरची अक्षरं इतकी बारीक असतात, की छापणाऱ्याने आमच्या वयाची माणसं जमेस धरलेलीच नसावीत. तरण्याताठ्यांना तो कागद वाचायची गरज वाटत नाही आणि ज्यांना वाटते त्यांना तो दिसत नाही.

मी फणसवाडीत राहते. दोन खोल्या, मागे गॅलरी, समोरच्या इमारतीत सासरची उरलीसुरली माणसं. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बँकेत होते, तिथून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय करणार? म्हटलं, कॅरम खेळणार. लोकांना वाटलं मी थट्टा करतेय. गिरगावात वाढलेली माणसं अशा बाबतीत थट्टा करत नसतात. लहानपणी चाळीच्या गॅलरीत पोरांबरोबर खेळायचे, लग्न झाल्यावर ते सुटलं. सासूबाईंच्या मते बायकांनी बोर्डावर ओणवं होणं बरं दिसत नाही.

आमच्याकडे ज्येष्ठांच्या मिश्र दुहेरी स्पर्धा होतात. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात. माझ्या वाट्याला आले ते गृहस्थ करी रोडचे, मूळचे मालवणकडचे. बसच्या डेपोत मेकॅनिक होते. बायको वारलेली. जुन्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात मुलगा-सुनेबरोबर राहतात. पहिल्याच डावात त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, तुमचा हात चांगला आहे, पण राग लवकर येतो." मी म्हटलं, "हात बघा, रागाचं मी बघते." आम्ही ती स्पर्धा हरलो. पण सरावाला म्हणून ते दुपारचे माझ्याकडे येऊ लागले.

वाडीला वाटे की आम्ही कॅरम खेळतो. खेळायचोही. मग चहा. मग गप्पा. त्यांची बायको शेवटी अंथरुणाला खिळली होती, तिची वेणी ते स्वतः घालायचे, हे त्यांनी मला एकदा सोंगट्या लावता लावता सांगितलं आणि लगेच पहिला स्ट्रायकर मारला, म्हणजे मला काही बोलता येऊ नये. त्या दिवशी मला हा माणूस आवडला. मला आवडला हे मला कळलं, आणि या वयात असं काही कळलं म्हणून मी स्वतःवरच चिडले. मग चिडणं सोडून दिलं. किती दिवस चिडणार?

त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी बोर्ड तसाच मांडलेला राहिला.

पण त्याआधी मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. कंडोमशिवाय नाही. ते आधी गोंधळले, मग हसले. म्हणाले, "अहो, आता काय आपल्याला पोर होणार आहे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना कारण कळेना, कारण ते त्यांना ठाऊकच नव्हतं. ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना त्या दुपारी सांगितलं, ते इथे सांगते.

माझ्या नवऱ्याची फिरतीची नोकरी. महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला, ओटीपोट दुखून दुखून मी वाकडी झाले. घरगुती काढे झाले, हवापालट झाला. दुखणं गेलं. मूल काही होईना. पुढे दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही नळ्या बंद आहेत, जुना संसर्ग आहे, असा संसर्ग बहुतेक नवऱ्याकडून येतो, त्यांनाही तपासायला हवं. नवरा शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याने मान डोलावली. संध्याकाळी घरी आला, आमटीभात जेवला आणि म्हणाला, "लोणचं आहे का?"

बस्स. एवढंच. त्यानंतर सासूबाई मला वांझ म्हणाल्या, आल्यागेल्यासमोर म्हणाल्या, डोहाळजेवणाला माझ्या हातची ओटी चालेनाशी झाली, आणि हे सगळं तो ऐकत राहिला. मूग गिळून. त्याने तपासून घेतलं की नाही, कुठून आणलं होतं, मला कधीच सांगितलं नाही. एका वाक्याचा प्रश्न होता. ते वाक्य पोटात ठेवून तो मेला. माझा राग मुलाचा नाही हो. मूल काय, नसतंही झालं. राग त्या लोणच्याचा आहे.

"तेव्हा पोर होण्याचा प्रश्न नाही," मी त्यांना म्हटलं. "रोग लागण्याचा आहे. रोग काही पाळी गेली का असं विचारून येत नाही. एकदा मी विश्वासावर राहिले. आता नाही."

त्यांनी एक सोंगटी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." तोंड जरा लांब झालं होतं, पण म्हणाले.

कंडोम मीच आणले. औषधाच्या दुकानात मला लाज वाटेल अशी माझी समजूत होती. वाटली नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध आणि हे, असं मागितलं. मागे उभ्या असलेल्या वाडीतल्या एका बाई छताकडे बघायला लागल्या. बघू दे.

पहिल्या दुपारचा निम्मा वेळ चष्मे शोधण्यात गेला. त्यांचा शर्टाच्या खिशात होता, माझा फ्रिजवर. मग मी कागद मोठ्याने वाचायला घेतला. त्यांना ते काही रुचेना. "मशिनीबरोबरचं पुस्तक वाचून कुणी मशीन चालवतं का?" म्हणाले. मी म्हटलं, "म्हणूनच तुमच्या बसगाड्या रस्त्यात बंद पडायच्या." आणि मी पुढे वाचलं. आधी पाकिटावरची तारीख बघा, संपली असेल तर फेका. पाकीट बोटांत दाबून बघा, आत हवेची उशी लागली पाहिजे, म्हणजे ते कुठे फुटलेलं नाही. कडेला खाच असते तिथून हाताने फाडा. हे वाचेपर्यंत त्यांनी पाकीट दातांत धरलंही होतं. त्यांच्या हातावर मी फटका दिला. दात लागला, नख लागलं, की संपलं.

पहिला त्यांनी उलटा धरला. गुंडाळी खाली उलगडेना तेव्हा लक्षात आलं. ते म्हणाले, "काय ता एवढा, फिरवून लावतो." मी म्हटलं, "नाही. उलटा टेकवलेला परत सुलटा करायचा नाही, तो गेला. दुसरा घ्या." "फुकट गेला की." "जाऊ दे फुकट." दुसऱ्याला टोक चिमटीत धरून आतली हवा काढायची, आणि मग तळापर्यंत उलगडायचा, अर्ध्यावर सोडायचा नाही. शेवटी बाजूला होताना कड धरून ठेवायची, लगेच, रेंगाळायचं नाही. हे सगळं मी एखाद्या पाककृतीसारखं वाचत होते आणि ते एखाद्या पूजेसारखं पार पाडत होते, आणि मध्येच आम्ही दोघंही इतके हसलो की पुढचं सगळं लांबणीवर पडलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. नवऱ्याबरोबर मी अशी कधी हसले नव्हते.

नंतरचा प्रश्न कागदात नव्हता. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा, संडासात नाही, एवढं लिहिलं होतं. पण ओला कचरा की सुका? आमच्या वाडीत कचरा वेगळा केला नाही तर सेक्रेटरी जिन्यात उभे राहून भाषण देतात. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, गाठ मारून. माझ्या घरी वर्तमानपत्र येतं ते वाया जात नाही.

तर हे नीट चाललं होतं. पण एक अडचण होती आणि ती माझी होती. या वयात बाईचं अंग कोरडं पडतं. दुखायचं. मी दोनदा सहन केलं, तिसऱ्यांदा सांगितलं, दुखतंय. ते घाबरलेच. आधी का नाही सांगितलं म्हणून माझ्यावर रागावले.

पुढच्या खेपेला येताना त्यांनी काचेची एक बाटली आणली. गावचं खोबरेल. भावाच्या घरचे नारळ, गावच्या घाण्यावर काढलेलं तेल. त्यांच्याकडे हे तेल म्हणजे देवाखालोखाल. माशाच्या कालवणात तेच, डोक्याला तेच, गुडघ्याला तेच, पोराच्या टाळूला तेच, भाजलं कापलं तरी तेच. बाटली माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "याच्यात कसली भेसळ नाही. डोळे मिटून वापरा." आणि आम्ही खरंच डोळे मिटून वापरलं. मला तर कौतुकच वाटलं. माझ्या दुखण्यासाठी आजवर कुणी काही घेऊन आलं नव्हतं.

तेल लावू नका, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. अगदी खालच्या घडीत. आम्ही हसण्याच्या नादात तिथपर्यंत पोचलोच नव्हतो.

कंडोम फाटला. फाटला म्हणजे टोकाला चिरला नाही, बाजूने उसवल्यासारखा पार वरपर्यंत गेला. आम्हाला कळलं ते सगळं झाल्यावर. ते म्हणाले, "माल खराब निघाला." मी कागद शोधला, चष्मा लावला, घडी पूर्ण उलगडली. मग तो कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचला आणि बाटलीकडे असं बघितलं, जसं काही घरच्याच माणसाने दगा दिलाय.

तिथवर सगळं ठीक होतं. मग मी म्हटलं, "आता दोघांनीही तपासण्या करून घेऊ. रक्ताच्या. सगळ्या."

"माझ्या कशाला?"

"दोघांच्या म्हटलं मी."

"मी माझी बायको सोडून कुणाकडे डोळा वर करून बघितलं नाही कधी." त्यांचा आवाज चढला आणि ते त्यांच्या भाषेवर गेले. "तुमी माझ्यार संशय घेतात? तुमच्या घोवान केलान, आणि तपासणी माझी?"

नवऱ्याने केलं ते निस्तरायचं मी, हे मी आयुष्यभर ऐकलं होतं, शब्द वेगळे होते एवढंच. मी म्हटलं, "तपासायचं नसेल तर यायचं नाही." ते उठले, चप्पल घातली, बाटली तिथेच राहिली, आणि गेले. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, राग लवकर येतो म्हणून. पण तेव्हा माझं चुकलं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. उचलला नाही. परत केला, नाही. बरं, म्हटलं, तुम्ही बसा रुसून. माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. आधी मी तपासून घेते, माझा कोरा रिपोर्ट त्यांच्या नाकासमोर नाचवते, मग बघते कसे नाही म्हणतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

माझ्या डॉक्टरीण बाई तरुण आहेत, माझ्या भाचीच्या वयाच्या. मी त्यांना सगळं सांगितलं, खोबरेलासकट. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, "काकू, तेल लागलं की हे रबर मऊ पडतं आणि फाटतं. खोबरेल असो, तूप असो, व्हॅसलीन असो, तोंडाला लावायचं क्रीम असो, काहीच नाही चालत. पाण्यावर बनवलेलं जेल मिळतं, तेच वापरायचं. आणि दुखत असेल तर अंगावर काढायचं नाही, त्यावरही औषध आहे." मग तपासण्या लिहून दिल्या. मी तिथेच खाली रक्त देऊन आले, ऐटीत.

पुढच्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते तेव्हा डॉक्टरीण बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काकू, बसून घ्या." मी बसले नाही. बाकी सगळं चांगलं होतं. पण हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा एक प्रकार, तो माझ्या रक्तात होता. त्याने मला काही त्रास झालेला नव्हता, बहुधा कित्येक वर्षं तो असाच गुपचूप बसलेला असावा. यकृत बघावं लागेल, दर काही महिन्यांनी तपासत राहावं लागेल. एकत्र जेवण्याने, शिवण्याने तो लागत नाही. रक्तातून लागतो आणि शरीरसंबंधातून लागतो.

मी विचारलं, "माझ्या नवऱ्याकडूनच ना?"

त्या म्हणाल्या, "ते आता सांगता येणार नाही. त्यांच्याकडून असेल. जन्मताना आईकडून असेल. कुठल्या जुन्या सुईतून असेल. खरंच नाही सांगता येणार."

मग त्या म्हणाल्या, "तुमचे जे मित्र आहेत, त्यांना लगेच पाठवा. लस द्यायची, आणि तिच्याबरोबर आणखी एक इंजेक्शन असतं. ते जितक्या लवकर दिलं तितका उपयोग. दोन आठवड्यांच्या आत तर दिलंच पाहिजे. आजच पाठवा."

तव्यावरची पोळी जळली. मी गॅस बंद केला.

म्हणजे इतके दिवस मी ज्या गोष्टीपासून स्वतःला वाचवत होते ती माझ्यातच होती. तो पातळ पडदा मी हट्टाने मध्ये ठेवला तो माझ्यासाठी, आणि राखण झाली त्यांची. आणि ती राखण मोडली एका बाटलीने, जी त्यांनी माझं दुखू नये म्हणून आणली होती. कुणावर रागवायचं? नवऱ्यावर? तेही आता पक्कं नाही. मला रागवायला माणूसच उरला नाही, आणि मला भीती वाटली. खूप वाटली. स्वतःची थोडी, त्यांची जास्त.

आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट मनात आली. माणूस आपणहून निघून गेला आहे. फोन घेत नाही. रुसला आहे, रुसू दे. मी गप्प बसले तर कुणाला काय कळणार? त्यांना उद्या काही झालं तरी कुठून आलं ते आज डॉक्टरीण बाईंनाच सांगता आलं नाही, तर त्यांना कोण सांगणार? मी मोरीत जाऊन हात धुतले. पीठ नखांत अडकलं होतं. ते काढता काढता मला माझा नवरा आठवला. आमटीभात कालवणारा. तोही असाच बसला असेल का, त्या डॉक्टरांकडून आल्यावर? त्यालाही असंच वाटलं असेल का, की बसू गप्प, कुणाला काय कळतंय? आणि मग लोणचं मागितलं असेल.

मी ओट्यावरचं पीठ तसंच ठेवलं आणि साडी बदलली.

पुन्हा फोन केला. त्यांनी घेतला नाही. मी टॅक्सी केली. करी रोडला मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. तसं ठरलंच होतं आमचं, सुनेला कळायला नको. टॉवरच्या खाली वॉचमनने विचारलं, कुणाकडे? काय काम? मी म्हटलं, "कॅरमचं काम आहे, आणि घाईचं आहे." त्याला हे पटलं, कारण तोही त्यांच्याबरोबर खेळत असणार.

दार सुनेने उघडलं. हातात झारा होता, आतून तळणीचा वास येत होता. मला वाटलं, आता विचारणार, आपण कोण? ती म्हणाली, "कॅरमच्या काकू ना? या. बाबा दोन दिवस जेवतायत पण नीट बोलत नाहीयेत. तुम्ही हरलात का कुठे?" मी म्हटलं, "अजून नाही."

ते आतून आले. मला बघून दारातच थांबले. मी म्हटलं, "जरा खाली याल?" त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चप्पल घातली.

खाली गाड्या लावायच्या मजल्यावर सोसायटीने मुलांसाठी बाग केली आहे. झोपाळे, चार बाकं. दुपारच्या वेळी तिथे कुणी नसतं. आम्ही बाकावर बसलो. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. मी म्हटलं, "रुसवा नंतर काढू. माझा रिपोर्ट आला. दोष माझ्या रक्तात आहे, तुमच्यात नाही. काविळीचा आहे. तो लागू शकतो. त्या दिवशी तो फाटला, तेव्हा लागला असू शकतो. इंजेक्शन आहे, ते लवकर घ्यायला लागतं, आत्ता माझ्याबरोबर चला. त्यानंतर माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नका, पण आत्ता चला."

 समोर रिकामा झोपाळा होता, त्याकडे ते बघत होते. मग म्हणाले, "कधी कळलं तुम्हाला?"

"आज सकाळी."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. वर घरात सून जेवायला पानं घेत असणार, तशी वेळ झाली होती.

"आज सकाळी," ते म्हणाले. "आणि तुम्ही आलात."

"मग काय करणार होते?"

त्यांनी मान हलवली. आणि मग त्यांनी विचारलं ते मला त्यांच्याकडून काय, कुणाकडूनच अपेक्षित नव्हतं. "तुमका औषध आसा मां? तुमका काय होवचा नाय मां?"

मी रडणारी बाई नाही. वांझ म्हटलं तेव्हा रडले नाही, नवरा गेला तेव्हा चारचौघांत रडले नाही. तिथे त्या झोपाळ्यांसमोर रडले, पदरात तोंड घालून. ते उठले नाहीत आणि गप्प करायलाही गेले नाहीत, शेजारी बसून राहिले. मग म्हणाले, "चला. पण सुनेला सांगून येतो, नाहीतर ती माझ्या वाट्याचे बोंबील तळून ठेवील."

त्या दुपारीच त्यांना इंजेक्शन मिळालं, आणि लसीचा पहिला डोसही. नर्सने त्यांना विचारलं, "बरोबर कोण आहे? नातं काय?" ते शर्टाची बाही वर करत म्हणाले, "माझंच माणूस आहे." नर्सने ते कुठे लिहिलं की नाही, मला माहीत नाही. त्यांची तपासणीही झाली. त्यांच्या रक्तात काही नव्हतं. पण लस पुरी व्हायला सहा महिने, आणि मग ती लागली का हे बघायला पुन्हा रक्त. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "तोवर कंडोम हवाच. प्रत्येक वेळी." मी म्हटलं, "मला सांगू नका, यांना सांगा." ते म्हणाले, "माका पाठ आसा सगळा."

आणि पाठ होतंही. आता चष्मा ते शोधतात. तारीख ते बघतात, पाकीट दाबून हवा ते बघतात. दात लावत नाहीत. पाकीट पैशाच्या पाकिटात ठेवत नाहीत, तिथे उबेने आणि घासून ते खराब होतं असं मलाच समजावतात, जसं काही मी पुरुष आहे. जेलची ट्यूब कपाटात असते. दुखत नाही. खोबरेलाची बाटली मी स्वयंपाकघरात मसाल्यांच्या डब्यांशेजारी ठेवली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, फक्त कालवणासाठी. त्यांना तो अपमान वाटला. वाटू दे.

मधल्या काळात आम्ही दोन स्पर्धा हरलो आणि एक जिंकलो. दर डोसला ते मला घेऊन जायचे, एकटे गेले नाहीत. माझ्याही तपासण्या सुरू झाल्या, त्यांना ते येतात. सुनेने एकदा विचारलं, "काकू, बाबांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "आता बरी आहे." तिने पुढे विचारलं नाही. शहाणी मुलगी आहे.

शेवटचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, लस पक्की लागली आहे, त्यांना आता या आजाराची भीती नाही. बाकीच्या तपासण्याही दोघांच्या कोऱ्या आहेत. पुढे काय वापरायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवा. आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर गर्दी होती. ते म्हणाले, "बांगडे घेऊ?" घेतले.

दुपारी माझ्याकडे त्यांनी स्वतः कालवण केलं, त्या बाटलीतल्या तेलात. आम्ही खाली पाट घेऊन बसलो, कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकलेला. थोडा वेळ जेवून ते म्हणाले, "तुम्ही नसतं सांगितलं, तर मला आयुष्यात कळलं नसतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला कुणी सांगितलं नव्हतं."

 त्यांनी आपल्या ताटातल्या बांगड्याचा मधला भाग घेतला, बोटांनी सावकाश त्याचे काटे काढले, चष्मा लावून पुन्हा एकदा बघितलं, आणि तो माझ्या भातावर ठेवला.